पटकथेत उतरलेला कोट

मित्रांनो, मी जुना आहे, तपकिरी आहे आणि भित्रा आहे. कोटाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माणसाच्या अंगात भीती शिरते तेव्हा ती सर्वांत आधी त्याच्या कोटालाच कळते. काखेत घाम सुटतो, कॉलर मानेला चिकटते आणि खिशातली मूठ आवळली जाते. अशा आवळलेल्या मुठी मी पुष्कळ सांभाळल्या आहेत. आजही दार जोरात आपटलं की माझं अस्तर आतल्या आत आकसतं.

सध्या मी सोफियातल्या चित्रपट स्टुडिओच्या वेशभूषा विभागात, भिंतीकडच्या दांडीवर टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला बिशपचा झगा आहे आणि दुसऱ्या बाजूला तुर्की पाशाचा अंगरखा. दोघंही सिनेमासाठी शिवलेले, म्हणजे मुळात खोटे, पण तोरा असा की विचारू नका. मी खरा कोट आहे आणि कोपऱ्यात आहे.

माझा जन्म गाब्रोवोचा. तिथली माणसं इतकी चिक्कू, की त्यांच्यावरचे विनोदसुद्धा ती एकदा सांगून पुन्हा वापरायला घडी घालून ठेवतात. मला शिवणारे कांचो मास्तर तर त्या गावातही चिक्कू म्हणून नावाजलेले होते. स्तामेन नावाच्या एका तरुणाने त्यांना चांगलं लोकरी कापड आणून दिलं. मास्तरांनी अस्तरासाठी नवं कापड फाडलंच नाही. पेटीतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी डाव्या बाजूला हिरवं अस्तर लावलं आणि उजव्या बाजूला तपकिरी.

"मास्तर, हे काय हो? अर्धा कोट झाडाचा, अर्धा मातीचा?" स्तामेन म्हणाला.

"आतलं बघायला कोण येतंय?"

"आणि उघडा घातला तर?"

"तर लोक म्हणतील, पोराकडे दोन कोट आहेत. फुकटात श्रीमंत केलं तुला. आभार मान आणि चालू लाग!"

स्तामेन हसत हसत चालू लागला. तो सोफियाच्या एका रेस्तराँमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. ती माझी सुखाची वर्षं. संध्याकाळी तो मला खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि मी टेबलांवरच्या भाजलेल्या मिरच्यांचा वास घेत गाणी ऐकायचो. तो मुद्दाम मला उघडा घालून फिरायचा. लोक दुरंगी अस्तर बघून हसायचे, आणि हसणारे लोक त्याला आवडायचे. तिथेच घात झाला.

त्या वर्षी मार्चच्या पहिल्या तारखेला त्याची धाकटी बहीण बिल्याना हिने माझ्या कॉलरवर मार्तेनित्सा टाचली. लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा हा छोटासा गोंडा आमच्याकडे त्या दिवशी सगळेच एकमेकांच्या छातीवर टाचतात. पुढे करकोचा दिसला किंवा झाड फुललेलं दिसलं, की तो काढून फांदीला बांधायचा. तोवर काढायचा नाही.

"बाते, हलू नकोस, टोचेल," ती म्हणाली. मोठ्या भावाला ती बाते म्हणायची.

"टोचू दे. कुणीतरी काळजाला हात घालतंय एवढं तरी कळेल."

"लग्न कर म्हणजे रोज कळेल!"

त्याच आठवड्यात, कार्यक्रम संपल्यावर, स्तामेनने टेबलावर एक विनोद सांगितला. तो कुणावर होता हे मी आजही सांगणार नाही. सवय जात नाही. सगळे खदखदून हसले, फक्त एकजण जरा उशिराने हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं दाराशी आली आणि स्तामेनला घेऊन गेली.

त्याला दगडाच्या खाणीवरच्या छावणीत नेलं. मी ती छावणी पाहिली नाही, कारण मला दारातच उतरवून गोदामात टाकलं. मित्रांनो, त्या गोदामाइतकी भयाण जागा मी दुसरी पाहिली नाही. तिथे आम्ही कोटच कोट होतो, एकमेकांवर रचलेले. वरच्या ढिगातून कधीतरी एखादा उचलला जायचा. पण माझ्याखाली एक राखाडी कोट होता, शिक्षकाचा असावा, कारण त्याच्या खिशात खडूची भुकटी होती. त्याला न्यायला कुणी आलं नाही. हळूहळू त्याच्यातून माणसाचा वास निघून गेला. माझ्यातूनही जाईल या धास्तीने मी स्तामेनचा वास धरून पडून राहिलो.

दुसऱ्या वर्षीच्या पानगळीत मला उचललं. स्तामेनने मला अंगात घातलं तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. खांदे कुठे गेले होते कोण जाणे. मी त्याच्यावर ढगळ झालो होतो. तिथे काय झालं याविषयी तोंड उघडणार नाही, अशी सही त्याच्याकडून घेतली होती. उघडलं तर पुन्हा तिथेच. आणि पुन्हा गेलो तर परत येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

तो बिल्यानाच्या एका खोलीच्या घरात राहायला आला. माझ्या कॉलरवर मार्तेनित्सा अजून तशीच होती, मळकी, चुरगळलेली. बिल्याना ती काढायला गेली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"राहू दे."

"अरे बाते, नोव्हेंबर लागला!"

"झाड फुललेलं पाहिलं नाही मी. मग कशी काढू?"

"दोन वर्षांत एकही नाही?"

"तिथं दगड आहे, बिल्याना. नुसता दगड."

छावणीविषयी तो एवढंच बोलला आणि लगेच दाराकडे बघायला लागला. मग त्याने मार्तेनित्सा कॉलरच्या घडीखाली, बाहेरून दिसणार नाही अशी टाचली.

बिल्याना स्टुडिओत पटकथा लिहायची. नवीनच होती, पण तिचा हात चांगला असल्याचं बोललं जायचं. तिचं सगळं लक्ष पात्रांच्या कपड्यांवर. इतर लेखक लिहायचे, 'एक गरीब माणूस येतो.' ही लिहायची, 'त्याच्या बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या आहेत.' ती म्हणायची, माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण त्याच्या कोपरावरचं ठिगळ खोटं बोलत नाही. जे कपडे माणसाविषयी काही सांगत नाहीत, ते लिहून कागद कशाला खराब करायचा?

त्या दिवसांत ती लग्नाच्या वाजंत्र्यांवरचा एक हलकाफुलका सिनेमा लिहीत होती. कथेत बँडमधला एक क्लॅरिनेटवाला, मेतोदी, बऱ्याच काळाने गावात परततो. त्याला काय घालावं हे तिला सुचेना. पेन्सिल चावत तिने मान वर केली. समोरच्या खुंटीवर मी होतो.

तिची नजर माझ्यावरून फिरायला लागली तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो. कुणाला आवडत नाही आपल्याकडे कुणी निरखून बघितलेलं? ती टाइप करायला लागली आणि तोंडाने पुटपुटत होती, म्हणून मला ऐकू आलं. "मेतोदी, चाळिशीचा. ढगळ झालेला तपकिरी कोट. अस्तर डावीकडे हिरवं, उजवीकडे तपकिरी. कॉलरखाली मळकी मार्तेनित्सा. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस." बस्स. मेतोदी कुठून आला हे तिने लिहिलं नाही, त्याच्या तोंडीही काही घातलं नाही. आमच्या देशातल्या कुणालाही ते नुसतं वाचून कळलं असतं, की या माणसाचे वसंत कुठेतरी बंद दाराआड गेले आहेत.

आणि मग मला थंडी वाजली. स्तामेन पडद्यामागे झोपला होता. तिने त्याला विचारलंच नव्हतं.

पटकथा कलामंडळाकडे गेली. स्टुडिओतली कुठलीही पटकथा या मंडळींनी वाचून होकार दिल्याशिवाय पुढे सरकत नसे. बैठकीच्या दिवशी सोफियात पावसाची झड लागली होती. बिल्यानाचा स्वतःचा कोट रंगवायला टाकलेला होता; आमच्याकडे जुना कोट रंगवला की तो नवा झाला असं समजतात. ती स्वेटरवरच निघाली. सर्दीने बेजार झालेला स्तामेन हातात लिंडनच्या फुलांचा चहा घेऊन उठला आणि खुंटीवरून मला काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकलं.

"बाते, नको."

"नको काय? भिजून मरशील."

"नको म्हटलं ना! मी धावत जाईन."

"माझ्या कोटाची लाज वाटते होय तुला? बँडवाल्याचा कोट म्हणून?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिने मुकाट्याने मला अंगात घातलं. ट्राममध्ये तिची मूठ माझ्या खिशात इतकी घट्ट आवळलेली होती, की माझी शिवण उसवते की काय असं मला वाटलं.

कलामंडळाच्या खोलीत एक मोठी शेगडी होती आणि तिच्याशेजारी कोट टांगायचा स्टँड. बिल्यानाने मला सगळ्यांत मागे, तोंड भिंतीकडे करून टांगलं. घाईत बटणं लावायचं तिला सुचलंच नाही. मी उघडाच राहिलो. अध्यक्ष वुल्कानोव टेबलाच्या टोकाला, माझ्या बरोबर समोर बसले होते. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या शेजारी संपादिका झ्लातेवा होत्या. बाई हुशार, पण त्यांच्या हुशारीची सगळ्यांना धास्ती होती.

सुरुवात छान झाली. वाजंत्र्यांचे विनोद वाचून मंडळी हसली. मग झ्लातेवांनी एक पान वर काढलं आणि डोळ्यांपासून लांब धरून माझं वर्णन मोठ्याने वाचलं.

"नोव्हेंबरात मार्तेनित्सा? तुझ्या मेतोदीला कॅलेंडर वाचता येत नाही का गं?"

सगळे हसले. बिल्यानाही हसली.

"नाही, मी खरंच विचारतेय," झ्लातेवा म्हणाल्या. "मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ज्याला एकसुद्धा फुललेलं झाड दिसत नाही, असा माणूस आपल्या देशात नेमका कुठे राहतो?"

शेगडीतलं लाकूड तडकल्याचा आवाज तेवढा आला. मित्रांनो, मी स्टँडवरून गळून पडतो की काय, अशी माझी अवस्था झाली.

"खलाशी आहे तो," बिल्याना म्हणाली. "म्हणजे... होता. समुद्रात झाडं नसतात."

"क्लॅरिनेट वाजवणारा खलाशी?"

"जहाजावर लोकांना करमणूक नको का, कॉम्रेड?" वुल्कानोव म्हणाले. पुन्हा थोडं हसू झालं.

पण झ्लातेवा हसल्या नाहीत. "आणि हे दोन रंगांचं अस्तर? असलं काही कल्पनेने सुचत नाही, मुली. हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणाचा आहे हा कोट?"

"कुणाचाच नाही. माझ्या मनातला आहे."

"छान मन आहे. मला त्या मनाचा पत्ता हवाय." त्या उठल्या आणि चष्मा आणायला थेट स्टँडकडे आल्या. त्यांचा कोट माझ्या शेजारीच होता. त्यांच्या कोपराचा मला धक्का लागला, मी गर्रकन वळलो आणि माझी डावी बाजू उघडली. बिल्याना पांढरीफटक पडली. हिरवं अस्तर त्या बाईंपासून हातभर अंतरावर लोंबत होतं, आणि बाई मान खाली घालून खिशात चष्मा शोधत होत्या.

"कॉम्रेड झ्लातेवा," वुल्कानोव म्हणाले, "कॉफी गार होतेय तुमची. आणि कोटाचं काय घेऊन बसलात? बिल्याना, लिही तिथे: साधा कोट. बाकीचं वेशभूषेवाले बघतील. मार्तेनित्सा काढून टाक. चला, पुढचं पान."

झ्लातेवा चष्मा घेऊन वळल्या. बिल्यानाने मान खाली घालून माझ्यावर पेन्सिलीने काट मारली. बाकी सगळ्याला मंजुरी मिळाली. मग मंडळी शेजारच्या खोलीत कुठल्याशा चित्रपटाचे तुकडे बघायला गेली आणि बिल्यानालाही जावं लागलं.

वुल्कानोव मागे राहिले. ते माझ्याकडे आले. आधी त्यांनी माझी डावी बाजू उघडून पाहिली, मग उजवी. मग कॉलरची घडी उलटली. मार्तेनित्सा दिसताच त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. त्यांचा श्वास मला जवळून ऐकू येत होता आणि तो माझ्यापेक्षाही घाबरलेला होता. त्यांनी टाचणी काढली. मला वाटलं, आता हा पुरावा यांच्या हाती लागला. पण त्यांनी ती मार्तेनित्सा बोटांनी सारखी केली, माझ्या आतल्या खिशात अगदी तळाशी सरकवली, आणि मग खालपासून गळ्यापर्यंत माझं एकेक बटण लावलं. अस्तराचा दोराही दिसू नये अशा बेताने.

शेवटचं बटण लावत असतानाच झ्लातेवा दारात आल्या. "काय करताय?"

"कोट घेतोय."

"तुमचा तो पलीकडे आहे की!"

"असं होय! म्हातारा झालो, बाई. सगळेच कोट सारखे दिसतात."

ते हसले आणि माझ्यापुढे असे उभे राहिले, की मी त्यांच्या पाठीआड दिसेनासा झालो. त्यांच्या पाठीवरचा सदरा घामाने ओला झाला होता.

हे सगळं मी पाहिलं, मित्रांनो. फक्त मी पाहिलं.

बिल्याना परतली तेव्हा खोली रिकामी होती. तिने मला उघडं टांगलं होतं आणि आता मी गळ्यापर्यंत बंद होतो. मला उचलून ती तडक बाहेर पडली. जिन्यात तिने कॉलरखाली हात घातला. मार्तेनित्सा नाही. मग आतल्या खिशात घातला. आहे.

घरी पोहोचल्यावर तिने दाराला कडी लावली आणि रडत रडत भावाला सगळं सांगितलं. स्तामेनने ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझा कोट लिहिलास तू," एवढंच तो म्हणाला. "मला विचारायचंस तरी."

"कुणाला कळेल असं वाटलं नाही रे."

"कळावं म्हणूनच तर लिहिलंस."

तिने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "पण बाते, पकडायचंच असतं तर त्यांनी मला तिथंच धरलं असतं. ठेवून घेतली असती ती, खिशात का घालतील?"

"म्हणजे त्यांना समजलंय, हे आपल्याला समजावं म्हणून. तुला त्यांच्या रीती माहीत नाहीत, पोरी." तो माझ्या बटणांकडे बघत होता. "मला न्यायला आले ना, तेव्हा त्यातला एकजण प्रेमाने म्हणाला होता, कोटाची बटणं लावून घे, बाहेर गार आहे. आता तीच लावून पाठवलीत. तयारीत राहा, असं सांगितलंय."

मी ओरडत होतो. कोट जेवढा ओरडू शकतो तेवढा. नाही, स्तामेन, नाही! तो हात तुला वाचवत होता. पण खुंटीवरच्या कोटाचं कोण ऐकतं? वुल्कानोवांनी ती मार्तेनित्सा शेगडीत टाकली असती तर या दोघांना वाटलं असतं, पडली कुठेतरी. ती जाळायला त्यांचा हात धजला नाही. आणि निरोप ठेवायचीही त्यांची हिंमत झाली नाही. त्या काळात चांगुलपणासुद्धा चोरासारखा करावा लागायचा, आणि मग तो चोरासारखाच दिसायचा.

दिवेलागणीच्या गाडीने स्तामेन रोदोपीच्या डोंगरात निघून गेला. तिथे लाकूड कापायच्या गिरणीत त्यांच्या वडिलांचा एक दोस्त होता. त्याने दोन स्वेटर एकावर एक चढवले आणि मार्तेनित्सा विजारीच्या खिशात घातली. मला त्याने हात लावला नाही.

"हा आता कागदावर आहे," तो म्हणाला. "हा घालून मी चार पावलं चालू शकणार नाही."

बिल्याना रात्रंदिवस जिन्याचा कानोसा घेत राहिली. लिफ्ट थांबली की ती श्वास रोखायची. कुणीच आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. पण न येणाऱ्या माणसांची भीती येणाऱ्यांपेक्षा जास्त काळ टिकते. स्तामेन पुन्हा सोफियात परतला नाही. त्याने पुन्हा क्लॅरिनेटही वाजवलं नाही. बहीण दरवर्षी उन्हाळ्यात हवापालटाच्या नावाखाली जाऊन त्याला भेटायची आणि भेटून आली की आणखी भ्यायलेली असायची. गिरणीच्या त्या धुळीतच तो खोकत म्हातारा झाला आणि तिथेच गेला.

वाजंत्र्यांचा सिनेमा लागला, चाललासुद्धा. त्यात मेतोदी नव्याकोऱ्या साध्या कोटात येतो. तो कुठून आला हे कुणालाच कळत नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

बिल्यानाला मी डोळ्यांपुढे नकोसा झालो. तिने मला वेशभूषा विभागाला देऊन टाकलं. इथे आल्यावर मी पोस्टमन झालो, खिसेकापू झालो, एकदा तर मला मेलेल्या माणसाच्या अंगावर घातलं. एका कॅमेरावाल्याने कौतुक केलं, "वा, काय खरा कोट आहे!" मग कसरीने माझी डावी बाही धरली आणि माझी वर्णी कोपऱ्यात लागली.

बिल्याना मात्र अधूनमधून विभागात यायची, तेव्हा वुल्कानोवही कधी कधी समोरून यायचे. तिला पाहून ते थांबायचे. ओठ हलायचे, काहीतरी सांगू बघायचे. आणि ती भिंतीला घासून, खाली मान घालून, पळत सुटायची. हे मी दारातून कितीतरी वेळा पाहिलं. शेवटी ते निवृत्त झाले आणि ओठांवरचं तसंच घेऊन गेले.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे गोष्टी लिहाल, सिनेमे लिहाल. पात्रांना कपडे जरूर घाला, अगदी निरखून घाला. पण एखाद्या जिवंत माणसाच्या अंगावरचा कोट उचललात, तर आधी त्याला विचारा. त्या कोटात तो अजून आहे हे विसरू नका. आम्हा जुन्या कपड्यांना ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि कुणासाठी कधी काही चांगलं केलंत, तर भीत भीत का होईना, पण त्याला ते कळू द्या. तसं कळलं नाही, तर काय होतं ते मी पाहिलं आहे. एकच वाक्य होतं, ते त्या संध्याकाळपासून माझ्या दोन रंगांच्या अस्तरात अडकून पडलं आहे: पळू नकोस, स्तामेन, तो आपलाच माणूस होता.